ओला कचरा सोसायटीतच जिरवल्याने उत्सर्जन खरोखर किती घटते, आणि पावसाळ्यात ही व्यवस्था टिकवायची कशी?

ऐरोलीचा सचिव

नमस्कार. ऐरोलीतील १६० सदनिकांच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद गेले दीड वर्ष माझ्याकडे आहे. पुढच्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा असून तिच्यात ओल्या कचऱ्याचा विषय निकाली काढायचा आहे. त्याआधी जाणकारांचे मत मिळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आम्ही सलग सात दिवस वजन केले, तेव्हा ओला कचरा दिवसाला सरासरी १२० किलो भरला. म्हणजे दिवसाला १०० किलोंच्या वर कचरा करणाऱ्यांवर ओला कचरा आवारातच जिरवण्याची नियमाने जी जबाबदारी येते, ती आमच्यावर येतेच, आणि त्याबद्दल कोणाचा वादही नाही. दोन वर्षांपूर्वी मागच्या कुंपणाच्या भिंतीलगत आम्ही खतासाठी विटांचे सहा हौद बांधले. पहिले आठ-दहा महिने ते उत्तम चालले. गेल्या जुलैत मात्र भरतीची वेळ आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, नाल्याचे पाणी आवारात शिरले आणि हौदांतले अर्धवट कुजलेले सगळे वाहनतळावर तरंगू लागले. त्यानंतर तीन आठवडे दुर्गंधी आणि अळ्या यांनी आम्हाला अक्षरशः हैराण केले. बी विंगच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत अळ्या चढल्या होत्या. सफाईच्या मावशींनी काम सोडण्याची भाषा केली, आणि ते पूर्णतः रास्त होते.

आता काही सभासदांनी विजेवर चालणाऱ्या यंत्राचा प्रस्ताव आणला आहे. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार त्यातून २४ तासांत खत मिळते. प्रात्यक्षिकासाठी यंत्र आठवडाभर ठेवले होते, आणि मी स्वतंत्र मीटर लावून पाहिले तेव्हा दिवसाला सरासरी ६० युनिट वीज लागली. दुसरीकडे, रसायनशास्त्राचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप मुळावरच आहे. ते म्हणतात, ‘तुर्भ्याची क्षेपणभूमी शास्त्रशुद्ध आहे, तिथे कचरा मातीने झाकला जातो. मग इथे अळ्या पाळून आपण कोणते हवामान वाचवतो आहोत?’ मला या प्रश्नाचे आकड्यांत उत्तर देता आले नाही.

तेव्हा माझे प्रश्न दोन. आमच्या १२० किलोंनी हवेत जाणाऱ्या वायूंत मोजण्याजोगा फरक पडतो का? आणि पडत असेल, तर गेल्या जुलैसारखा पाऊस सोसू शकेल अशी व्यवस्था कशी उभारावी?

हिशेबनीस, ठाणे

सचिवसाहेब, तुमच्या ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचे उत्तर त्यांना अपेक्षित दिशेने जात नाही. क्षेपणभूमींच्या आराखड्यांवर मी बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

ओला कचरा उघड्यावर पातळ थरात पडला तर त्याला हवा मिळते आणि त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. तोच कचरा दाबून, थरावर थर चढवून मातीने झाकला की आत हवा उरत नाही आणि मिथेन तयार होतो. त्यामुळे हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीने, देशांना उत्सर्जन मोजण्यासाठी जी पद्धत दिली आहे, तिच्यात नीट दाबलेल्या व झाकलेल्या क्षेपणभूमीसाठी मिथेनचा गुणक १ धरतात, पाच मीटरहून उंच पण अव्यवस्थित ढिगासाठी ०.८, आणि उथळ ढिगासाठी ०.४. विचित्र वाटेल, पण कचरा जितका व्यवस्थित पुरावा तितका त्यातून मिथेन अधिक निघतो. शास्त्रशुद्ध क्षेपणभूमीचे गुण वेगळे आहेत. तिथे खालच्या अस्तरामुळे झिरपणारे पाणी जमिनीत मुरत नाही, आग लागण्याचा धोका कमी होतो आणि निघणारा वायू नळ्यांनी गोळा करता येतो. हवामानाच्या दृष्टीने मात्र सारी मदार या शेवटच्या गोष्टीवर, म्हणजे वायू खरोखर किती पकडला जातो यावर आहे.

त्याच पद्धतीतल्या अन्नकचऱ्याच्या ठरीव आकड्यांनी हिशेब केला, तर एक टन अन्नकचरा अशा जागी पुरल्यावर सुमारे ५० किलो मिथेन निघतो. त्याचा दहावा भाग वरच्या मातीतले जिवाणू खातात असे धरू. ४५ किलो उरले. शंभर वर्षांच्या मुदतीत जैविक मिथेनची उष्णता रोखण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट मानतात, म्हणजे हे झाले सुमारे १,२१५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे. उदार होऊन निम्मा वायू पकडला गेला असे मानले, तरी ६०० किलोंच्या आसपास उरतातच. आता खत करण्याचा हिशेब पाहू. तिथेही उत्सर्जन शून्य नसते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. टनामागे सरासरी ४ किलो मिथेन आणि पाव किलोहून किंचित कमी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे मिथेनहूनही कितीतरी अधिक उष्णता रोखणारा वायू, धरतात, आणि दोन्ही मिळून साधारण १७५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे होतात.

तुमचे दिवसाचे १२० किलो म्हणजे वर्षाचे ४३.८ टन. त्यामुळे हौदांतले खत नीट झाले तर वर्षाला कमीत कमी १९ टन, आणि वायू मुळीच पकडला जात नसेल तर सुमारे ४५ टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन टळते. कचरागाडीचे वाचलेले डिझेल यात धरलेले नाही. ते किरकोळ आहे, जरी सभांमध्ये सर्वाधिक बोलले जाते तेच.

आता यंत्र. दररोजची ६० युनिट म्हणजे वर्षाची २१,९०० युनिट. आपल्या ग्रिडवरील एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, तेव्हा यंत्राच्या विजेचेच १५ टन झाले. १९ टन वाचवायचे आणि त्यातले १५ विजेत घालवायचे, असा हा व्यवहार होईल. आणि हौद चालवायला वीज जवळजवळ लागतच नाही.

‘वायू पकडतातच की’ या युक्तिवादावर आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पुरलेला अन्नकचरा किती वेगाने कुजतो हे पावसावर ठरते. वर्षाला १,००० मिलिमीटरहून कमी पाऊस पडणाऱ्या उष्ण प्रदेशात तो निम्मा कुजायला आठ वर्षे धरतात, तर त्याहून अधिक पावसाच्या उष्ण प्रदेशात, म्हणजे आपल्या कोकणात, जेमतेम पावणेदोन वर्षे. वायू गोळा करण्याच्या विहिरी आणि नळ्या तर तो भाग भरून झाकल्यावरच पूर्ण बसतात. तोवर पोळी-भाजीतला बराचसा मिथेन निघून गेलेला असतो, आणि नळ्यांच्या वाट्याला मुख्यतः कागद-लाकडाचा सावकाश निघणारा वायू येतो. कोपरखैरणेची जुनी कचराभूमी बंद करून तिथे निसर्ग उद्यान झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. मी स्वतः तिथे नातवाला घेऊन जातो. पण बंद केलेल्या ढिगातून आपण उरलासुरला वायूच सावरतो. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षे टिकतो, आणि वीस वर्षांच्याच मुदतीत मोजले तर त्याची ताकद सुमारे ८० पट भरते. म्हणून आज न पुरलेल्या कचऱ्याचा परिणाम याच पिढीला दिसतो.

खतवाली, कोलशेत

हिशेबनीसांनी आकडे दिलेच आहेत, म्हणून मी केवळ हातांनी केलेल्या कामाबद्दल लिहिते. आमच्या संस्थेत पाच वर्षे खत होते आहे आणि त्यातला एकही पावसाळा सुखाचा गेला नाही. तरी काम थांबले ते फक्त पहिल्याच वर्षी.

आधी यंत्राविषयी. २४ तासांनी यंत्रातून जे बाहेर पडते ते खत नसून वाळवलेला आणि दळलेला कचरा असतो. आम्ही यंत्र घेतले होते, म्हणून हे ठामपणे सांगते. तपकिरी भुकटी पाहून सगळे खूश झाले, तिला किंचित भाजल्यासारखा वासही येत होता. ती आम्ही गच्चीवरच्या कुंड्यांत घातली. पहिला पाऊस पडल्यावर तिसऱ्या दिवशी कुंड्यांवर पांढरी बुरशी धरली, माती हाताला गरम लागू लागली आणि तुळशीसकट अकरा रोपे गेली. कुजण्याची क्रिया यंत्रात झालेलीच नव्हती, ती कुंडीत सुरू झाली. अशी भुकटी पुढे महिना-दीड महिना हौदात मुरवावी लागते, म्हणजे हौद चुकत नाहीतच. विक्रेत्याने हे आम्हाला सांगितले नव्हते. आमचे यंत्र आता जिन्याखाली झाकून ठेवलेले आहे, आणि दिवाळीत त्यावर पणत्या ठेवतात.

तुमच्या अळ्यांचे मूळ पुरात नसून पुराआधीच्या ओलाव्यात असावे असे मला वाटते. चांगल्या हौदात ओलावा निम्म्याहून थोडा अधिक असतो. मापायला उपकरण लागत नाही. हौदातले मूठभर घेऊन घट्ट पिळावे. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब डोकावले तर ठीक, धार लागली तर आत हवा राहिलेली नाही, आणि मूठ उघडताच गोळा विसकटला तर पाणी शिंपडावे. पावसाळ्यात हवाच दमट असते, फळांच्या साली आणि डाळ-भाताचे उरलेले अधिक येते, आणि नेमक्या त्याच काळात सुका पाला मिळत नाही. तिथे गाडी अडते.

म्हणून आमचा पावसाळा फेब्रुवारीत सुरू होतो. फेब्रुवारी ते एप्रिल आवारातल्या आणि रस्त्यालगतच्या झाडांची पानगळ होते. तो पाला जाळायचा नाही आणि गाडीतही टाकायचा नाही, हे आम्ही माळीदादांशी ठरवून घेतले आहे. पाला पायाने चुरून पोत्यांत भरतो. दर १० किलो ओल्या कचऱ्याला सव्वा किलो पाला असा आमचा अनुभव आहे. तुमच्या १२० किलोंना रोज १५ किलो लागेल, म्हणजे पावसाळ्याच्या १२० दिवसांना १,८०० किलो. पोत्यात दाबून दहा किलोच्या आसपास मावतो, तेव्हा साधारण १८० पोती ठेवण्याइतकी कोरडी जागा हवी. सभेत खर्चाहून अधिक वाद या जागेवरून होईल, हे आधीच सांगून ठेवते. आमच्याकडे जुनी जनरेटरची खोली मिळाली, ती मिळवायला सात महिने लागले.

बांधकामाबद्दल इतकेच, की हौद भिंतीलगत खाली नकोत. पाणी जिथवर चढले होते त्याची खूण भिंतीवर अजून असेल, तिच्याहून हातभर उंच जोते बांधून हौद त्यावर घ्यावेत. पत्र्याचे छप्पर चारही बाजूंनी दोन-अडीच फूट पुढे काढावे, कारण आपला पाऊस आडवा येतो, आणि सरळ छपराच्या पागोळ्या नेमक्या हौदाच्या कडेवर पडतात. तळाला जाळी आणि उतार द्यावा. तिथून गळणारे काळे पाणी पावसाच्या गटारात सोडू नये. आम्ही ते पिंपात धरतो, थोडे कोरड्या हौदावर शिंपडतो आणि बाकीचे मलवाहिनीच्या चेंबरमध्ये घालतो.

आणि मावशींना गमबूट, हातमोजे व पावसाळ्यातल्या कामाचा वेगळा भत्ता द्यावा. हे मी शेवटी लिहिले असले तरी आमच्या संस्थेत सर्वांत आधी केले.

दिवेकर

वरचे दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, पण मला थोडे वेगळे म्हणायचे आहे.

माझे बालपण आणि तारुण्य ठाण्यातल्या दिवा गावात, कचराभूमीजवळ गेले. कचऱ्याचा डोंगर जवळ असला की टनाच्या हिशेबात न मावणाऱ्या बऱ्याच गोष्टी कळतात. उन्हाळ्यात ढीग आतून पेटतो. ज्वाळा दिसत नाहीत, फक्त धूर दिसतो, आणि वरून पाणी मारले तरी आतली धग दिवसेंदिवस टिकते, कारण जळण्याजोगा वायू आतच तयार होत असतो. मुंबईत देवनारला २०१६ च्या सुरुवातीला हेच झाले आणि धूर शहरभर पसरला. पावसाळ्यात तोच ढीग पाणी पितो, जड होतो आणि घसरतो. दिल्लीत गाझीपूरचा ढीग सप्टेंबर २०१७ मध्ये असाच कोसळला आणि दोघांचा बळी गेला. पाऊस आणि उष्णतेचा लहरीपणा जसजसा वाढेल तसतसे उंच ढिगाजवळ राहणे अधिक धोक्याचे होईल. त्या अर्थी ढीग वाढू न देणे हीच हवामानाला तोंड देण्याची तयारी आहे, आणि तिचा लाभ सोसायटीच्या आवाराबाहेर राहणाऱ्यांना होतो.

दिव्यात कचरा टाकणे २०२३ च्या सुरुवातीला थांबले, तेव्हा गाड्या भंडार्लीकडे वळल्या, आणि तिथल्या चौदा गावांतूनही विरोध झाला. नंतर भिवंडी तालुक्यातल्या आतकोलीचे नाव पुढे आले. म्हणजे ढीग संपला नाही, त्याचा फक्त पत्ता बदलला. ऐरोलीच्या निवृत्त प्राध्यापकांनी ‘शास्त्रशुद्ध’ हा शब्द वापरला आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले.

हिशेबनीसांना मात्र एक विचारायचे आहे. वाशीच्या एपीएमसी बाजारातून निघणारा भाजी-फळांचा कचरा एकाच जागी, न मिसळलेला आणि रोज ठरल्या वेळी मिळतो. इंदूरमध्ये २०२२ पासून दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवून त्यातून जैव-सीएनजी काढण्याची क्षमता असलेला प्रकल्प आहे. मग १२० किलोंसाठी १८० पोती पाला रचण्यापेक्षा नागरिकांनी अशा प्रकल्पाचा आग्रह धरणे अधिक परिणामकारक नाही का?

हिशेबनीस, ठाणे

दिवेकर, बंद टाकीत मिथेन मुद्दाम तयार करून तो इंधन म्हणून वापरणे उत्सर्जनाच्या दृष्टीने खत करण्याहून सरस आहे, हे मला मान्य आहे. टाकी नीट असेल तर गळती टनामागे एक किलोच्याही खाली राहते आणि वर इंधन मिळते. बाजाराच्या कचऱ्यासाठी तोच मार्ग योग्य आहे. पण इंदूरचा प्रकल्प ज्यावर उभा आहे ते घराघरांतले वर्गीकरण आहे. ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि काचा आल्या की टाकीचे पंप तुंबतात आणि गाळ शेतकरी घेत नाहीत. ओल्या कचऱ्यात काय टाकू नये हे ज्या सोसायट्यांना पाठ आहे, त्यांचाच कचरा उद्या अशा टाकीला चालेल. कचरा जाळून वीज करण्याच्या प्रकल्पांचेही तसेच आहे. २०१६ च्या नियमांनी जाळण्याजोग्या कचऱ्यासाठी किलोमागे १,५०० किलोकॅलरींची मर्यादा घातली होती, ती याचसाठी. भिजलेला मिश्र कचरा तिथवर पोहोचत नाही, आणि जुलैत तर नाहीच.

सचिवसाहेब, तुमच्या आवारात पाणी का शिरले याचाही विचार करा. सिडकोने नवी मुंबई वसवताना बरीच जमीन भरतीच्या पातळीच्या खाली राहणार हे गृहीत धरले होते. म्हणून धारण तलाव ठेवले. भरती आली की त्यांची झडप बंद होते, पावसाचे पाणी तलावात साठते, आणि ओहोटीला झडप उघडून ते खाडीत जाते. तलावात गाळ साचला की साठवण घटते, आणि झडपेत पिशव्या व थर्माकोल अडकले की ती मिटत नाही, मग भरतीचे पाणी उलटे आत येते. तेव्हा सुक्या कचऱ्याचा एकही पुडा मे महिन्यापासून कुंपणाबाहेर उघड्यावर राहू नये. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, फ्लेमिंगोंचे फोटो आपण सर्वच काढतो, पण तुमच्या नाल्यात पडलेले पाकीट शेवटी तिथेच पोहोचते.

हौद बंद ठेवण्याची वेळ आलीच तर त्या दिवसांतला ओला कचरा सुक्यात मिसळून देऊ नका, वेगळाच द्या. एका पुराने मोडलेली वर्गीकरणाची सवय परत लागायला वर्ष जाते.

ऐरोलीचा सचिव

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी टेप घेऊन भिंत मोजली. पाण्याची खूण जमिनीपासून ५८ सेंटिमीटरवर आहे, म्हणून जोते एक मीटर उंच घेण्याचा अंदाज गवंड्याकडून मागवला आहे. वीजवापराचा हिशेब ज्येष्ठ सभासदांना दाखवला. त्यांनी तो वहीवर पुन्हा मांडून पाहिला, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग ‘नायट्रस ऑक्साइड धरलेत हे बरे केलेत,’ एवढेच म्हणाले. यंत्राचा प्रस्ताव सभेपुढे येईल, पण आता मीटरच्या नोंदींसह येईल. मधल्या काळात एका मध्यस्थाने आमच्या खताचे कार्बन क्रेडिट, म्हणजे टळलेल्या उत्सर्जनाचे प्रमाणपत्र, विकून देतो असेही सुचवले होते. वर्षाच्या वीस-पंचेचाळीस टनांसाठी तपासणीचाच खर्च अधिक होईल हे आता उघड दिसते, म्हणून त्यांना नकार कळवला.

जागेचा प्रश्न खतवालीताईंनी म्हटल्याप्रमाणेच निघाला. १८० पोत्यांना खोली नाही, फार तर ९० मावतील. उरलेल्या दोन महिन्यांसाठी लाकडाचा भुसा चालेल का? घणसोलीच्या बाजूला फर्निचरचे कारखाने आहेत, तिथून तो फुकट मिळतो.

खतवाली, कोलशेत

फर्निचरच्या कारखान्यातला नको. तो बहुतेक प्लायवूडचा असतो, त्यात डिंक आणि पॉलिश येते, आणि ते खत पालेभाजीला घालण्याजोगे राहत नाही. लाकडाच्या वखारीत करवतीखाली पडणारा साध्या लाकडाचा भुसा आणा. तो पाल्याहून सावकाश कुजतो, म्हणून आम्ही निम्मा भुसा आणि निम्मा पाला असे मिसळून घालतो. पोती आणल्यावर जमिनीवर ठेवू नका, लाकडी पॅलेटवर रचा.